तिरोडकर सरांची वीस मिनिटं

तिरोडकर सरांच्या वर्गात 'नशीब' म्हणायला बंदी होती. शिव्या चालायच्या. एका वेल्डरने एकदा त्याच्या सुपरवायझरला आईसकट शिवी हासडली, तर सर म्हणाले, "बरं, आता विषयावर ये." पण नशीब नाही. दैव, योग, प्रारब्ध, वरच्याची मर्जी, ही सगळी त्याच्याच भावकीतली, म्हणून तीही नाहीत. कुणाच्या तोंडून गेलंच तर सर खडू खाली ठेवायचे आणि त्याला उभं करून तेच पुन्हा सांगायला लावायचे. कोणी केलं, काय केलं, त्याच्यासकट.

मला पहिल्याच आठवड्यात उभं केलं. मी उदगीरकडची, सहावीतून शाळा सोडलेली. वडील गेल्यावर थोरल्या बहिणीकडे घाटकोपरला आले आणि मुलुंडच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागले. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. कंपनी दर सहा महिन्यांनी आमच्याकडून एका कागदावर सही घ्यायची आणि महिनाभर घरी बसवायची, म्हणजे कुणी कायम व्हायला नको. सरांची रात्रशाळा नावाला रात्रीची, भरायची सहाला. सरांनी विचारलं, बाई, तुम्ही सहालाच कशा येता, पाळी नाही? मी म्हणाले, ब्रेक मिळाला सर, नशीब.

सरांनी खडू ठेवला. मग विचारत गेले. ब्रेक कोणी दिला? कागदावर काय होतं? वाचला होता? का नाही वाचला? चाळीस पुरुषांपुढे माझ्या तोंडून शेवटी निघालं की सुपरवायझर डोक्यावर उभा होता, मी भ्याले, आणि न वाचता राजीनाम्यावर सही केली. "आता बसा," सर म्हणाले. "आता ते तुमचं आहे."

घरी जाताना मी रडले. सरांचा फार राग आला होता. तो कागद काही मला परत मिळाला नाही, पण त्यानंतर आजतागायत मी न वाचता कुठेही सही केलेली नाही. पुढच्या खेपेला कागद वाचायला मागितला तर सुपरवायझरने माझ्याकडे असं बघितलं, की जणू खोक्यातल्या बाटलीनेच त्याला वेळ विचारली. माझ्यासारख्या बाईला आयुष्यात इतकं कुणी दिलेलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात सरांवर राग दिसेल. तो आहेच. पण उपकार आधी.

सर बुटके, काळेसावळे, गालफडं बसलेली. खिशात शेंगा. शिकवताना एक-एक फोडायचे, टरफलं त्याच खिशात परत. दिवसा ते भांडुपच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटवर कामगारांच्या कार्डांवर वेळ पडते ना, ते खातं. वडील गिरणीत होते, सरांनी स्वतः नोकरी करत करत बीए केलं आणि संध्याकाळी आमच्यासारख्यांना इतिहास-इंग्रजी शिकवायचे. गेटवर त्यांचं नाव वाईट होतं. सख्ख्या मेव्हण्याला तीन मिनिटं उशीर झाला तर तीन मिनिटं. कुणी गयावया केली तर म्हणायचे, मिनिट माझं नाही, तुझं आहे, मी फक्त लिहितो. आमच्या वर्गातला महाडिक म्हणून बॉयलरवाला त्याच कारखान्यातला. तो म्हणायचा, यमसुद्धा पाच मिनिटं मागेपुढे करील, आपला हा सर नाही करणार.

त्यांना ग्रीक लोक कुठे भेटले, तर फूटपाथवर. रद्दीत ग्रीक नाटकांचं एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, पुठ्ठा नसलेलं. ते दुधाच्या पिशवीत गुंडाळून काखेत असायचं. इतिहासाच्या पुस्तकात ग्रीसवर एक पान होतं, सरांनी त्या पानावर दोन महिने मुक्काम केला. परीक्षा जवळ आली तरी आम्ही अथेन्सलाच.

गोष्ट बहुधा एकाच धाटणीची असायची. मोठं घराणं. देववाणी आधीच झालेली, की अमुक होणार. ते होऊ नये म्हणून माणूस काय काय करतो, घर सोडतो, वाट बदलतो, दाराला कडी लावतो, आणि त्याच कडीत त्याचं बोट सापडतं. सर सांगताना वर्गभर फिरायचे, डोळे बारीक करून. दिवसभर लोखंड उचलून आलेली माणसं, पण एक जांभई नाही.

एकदा महाडिक उठला. म्हणाला, सर, राग मानू नका, पण मग ठरलेलंच होतं ना? धावला तरी तेच, बसला तरी तेच. फुकट कशाला धावला?

"देवाने काय होणार ते सांगितलं," सर म्हणाले. "कुणाच्या हाताने होणार ते नाही. राग त्याचा, घाई त्याची, कुणाचं ऐकायचं नाही हा माज त्याचा. देवाने त्याचा हात धरून वार केला नाही."

"पण देवाला आधीच माहीत होतं ना तो तापणार म्हणून?"

"पगाराच्या दिवशी तू पिऊन येणार हे तुझ्या बायकोला आधीच माहीत असतं. म्हणून काय ती तुला पाजते?"

वर्ग हसून लोळला. महाडिकही हसला, पण बसता बसता म्हणाला, तिला माहीत असतं म्हणून ती पैसे काढून ठेवते सर, देव काय काढून ठेवतो? सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याला खिशातल्या उरलेल्या सगळ्या शेंगा दिल्या.

त्या नाटकांत म्हणे दहा-पंधरा माणसांचा एक घोळका असायचा, कोरस. आम्हाला कळेना तर सर म्हणाले, आमची चाळ. गॅलरीत उभी राहून सगळं बघते, हळहळते, शहाणपणाचं बोलते, आणि करत काही नाही. आम्हाला पटलं. आपण त्यातले नाही, असं प्रत्येकालाच वाटलं असणार. मला तर वाटलंच.

रविवारी मी सरांकडे जायचे. घाटकोपरला डोंगराच्या उतारावरची चाळ, दीड खोली. काकू मालवणकडच्या, देव-देवस्की, नवस, गाऱ्हाणं, सगळं करणाऱ्या. सर त्यांना हसायचे, त्या सरांना. नंदा, त्यांची एकुलती एक, माझ्याच वयाची. टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची. तिची बोटं गप्प बसायची नाहीत, बोलतानाही मांडीवर टाइप करायची. मला ती 'काय गं पॅकिंग' म्हणायची आणि मी तिला 'खटखट'. मुंबईत मला मैत्रीण म्हणून तेवढीच.

नंदाला मंगळ होता. लाल फडक्यात बांधलेली पत्रिका काकूंच्या देवघरात असायची, गावच्या भटजींनी केलेली. सातव्या घरात मंगळ, म्हणजे नवऱ्याच्या जिवावर. त्या पत्रिकेवरून दोन स्थळं परत गेली होती. दुसऱ्या खेपेला नंदा सरळ म्हणाली, "बाबा, पत्रिका मागणाऱ्या घरात मला जायचंच नाही. तसं सांगून टाका ना आधीच." सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, झालं, आता हे घर मोकळं झालं.

मग तिसरं स्थळ आलं, आणि ते नंदाला आवडलं. प्रशांत नाव, बोरिवलीचा, टेलिफोन खात्यात. क्लासमध्ये टायपिंग शिकायला यायचा आणि मुद्दाम चुका करायचा म्हणे. त्याला स्वतःला पत्रिकेचं काही नव्हतं, पण त्याची आई म्हणाली, एकदा बघून घेऊ, मनाला बरं. या वेळेला नंदा काही बोलली नाही. मान खाली घालून मांडीवर बोटं आपटत राहिली. सरांनी ते पाहिलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला विचारलं, तुमच्या मुलुंडला एखादा ज्योतिषी आहे का, आम्हाला न ओळखणारा? आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईच्या शेजारी होता. मीच पत्ता आणला, पाळी सुटल्यावर मीच सरांना घेऊन गेले. ज्योतिष्याने जन्मतारीख विचारली, गाव विचारलं, वेळ विचारली. सरांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटं.

बाहेर आल्यावर उसाचा रस पिताना सर पोरासारखे खूश होते. आठवडाभर पंचांग घेऊन त्यांनी स्वतः गणित मांडलं होतं. "खरी वेळ पावणेसात," ते म्हणाले. "पावणेसातला मंगळ सातव्या घरात, नवऱ्याला खाणारा. सात-पाचला लग्नरास बदलते, मंगळ सहाव्या घरात. वीस मिनिटांत शाकाहारी झाला बघ."

मी भीतभीत म्हणाले, पण सर, हे खोटं नाही का?

"जो कागदच खोटा, त्याच्यावर खोटं लिहिलं तर खोटं उरलं कुठे? त्यांच्याच पत्त्यांनी त्यांना हरवतोय मी."

मी मान हलवली. माझ्या मनात आलं होतं की नंदाने दुसराच रस्ता सांगितला होता, सरळ. आम्ही पत्रिका दाखवत नाही, पाहिजे तर मुलगी बघा, नाहीतर राहिलं. तो मुलगा कदाचित त्याच्या आईशी भांडलाही असता. पण हे सरांना सांगणारी मी कोण, सहावीवाली? ज्या माणसाने मला न भिता बोलायला शिकवलं, त्यालाच मी भ्याले. ग्लास धुवून ठेवला आणि घरी गेले.

आयुष्यात कुणाच्या कार्डावरचं एक मिनिट ज्याने हलवलं नाही, त्याने स्वतःच्या मुलीची वीस हलवली, तिला न विचारता. काकूंना त्यांनी सांगितलं, गावच्या भटजीचं गणित चुकलं होतं. काकूंनी आनंदाने लाल फडकं गोदावरीला जाणाऱ्या कुणाबरोबर सोडायला दिलं. नंदालाही तेच सांगितलं. एकतीस गुण जुळले. मे महिन्यात लग्न झालं.

अकरा महिने चांगले गेले, हे लिहायलाच हवं, नाहीतर पुढे कुणी म्हणतं की ती सुखी नव्हतीच. रविवारी दोघं स्कूटरवरून यायची, कधी मला घेऊन जुहूला भेळ खायची. प्रशांत सरांना 'सॉक्स न घालणारे ग्रीक' म्हणायचा. सर त्याच्याशी तासन् तास वाद घालायचे आणि तो गेल्यावर म्हणायचे, झकास पोरगा.

बाराव्या महिन्यात हायवेवर प्रशांतच्या स्कूटरला मागून ट्रकने उडवलं. जागच्या जागी गेला.

सर दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन बसले. पंचनामा मिळवला. ट्रकचा ब्रेक आठ दिवसांपासून लागत नव्हता, ड्रायव्हरने मालकाला दोनदा सांगितलं होतं, मालक म्हणाला होता ही खेप मारून ये. सर हे सगळ्यांना सांगत सुटले. भेटायला आलेल्या माणसाने "काय करणार, दैवापुढे..." म्हणून सुरुवात केली की सर त्याचा दंड धरायचे. दैव नाही हो, ब्रेक. मालकाचं नाव आहे माझ्याकडे. माणसं मान हलवून त्यांचा हात हळूच सोडवून घ्यायची. शोकाने डोक्यावर परिणाम झाला, असं गॅलरीत बोलायला लागली.

तेराव्याला आम्ही सगळे बोरिवलीला गेलो. प्रशांतची आई कुणाला दोष देत नव्हती. खरंच नव्हती. नंदाला जवळ घेऊन बसली होती. फक्त तिला कळत नव्हतं. दोन्ही पत्रिका तिने मांडीवर घेतल्या होत्या, पुन्हा दाखवणार होती कुणालातरी. एकतीस गुण, हिच्या पत्रिकेत तर एवढासाही दोष नाही, मग कुठे चुकलं, असं ती त्या कागदांनाच विचारत होती. काकू तिच्या शेजारी सरकल्या, तिला बरं वाटावं म्हणून कागदात डोकावल्या. तिने बोट ठेवून वाचलं, जन्मवेळ सात वाजून पाच मिनिटं.

"सात-पाच नाय ओ," काकू म्हणाल्या. "दिवो लावच्या आधी झाला ह्या. पावणेसात."

आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळलंच नाही. मुलीचा जन्म आठवून त्या क्षणभर हसल्यासुद्धा. प्रशांतची आई म्हणाली, कागदावर तर सात-पाच आहे. आणि मग एकेक करून सगळे सरांकडे बघायला लागले. मी भिंतीकडे बघत होते.

सर उठले. त्यांना लपवता आलं असतं. ज्योतिष्याची चूक म्हणता आलं असतं, त्या भटजीचं घड्याळ म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "मी बदलली. माझ्या हाताने. हिला माहीत नव्हतं, हिच्या आईलाही नाही."

प्रशांतच्या आईने नंदाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. एवढंच. नंदाने त्या हाताकडे पाहिलं. आम्ही निघालो तेव्हा तिची ट्रंक आधीच दाराबाहेर आणून ठेवलेली होती.

त्या बाईचा मी वर्षानुवर्षं राग केला. मुलगा गेला, म्हणून काय दुसऱ्याच्या मुलीला असं झटकायचं? पण आता वाटतं, दोष द्यायला कुणीच नव्हतं तिला, आणि सरांनी दोष शाईने लिहून दिला. खरी पत्रिका दाखवली असती तर मंगळाचा दोष कुणी उच्चारला असता तरी नंदाला म्हणता आलं असतं, तुम्ही जाणूनबुजून केलंत. आता काही म्हणता येईना. ट्रकने प्रशांतला मारलं. नंदाला नवरा खाणारी केली ती तिच्या बापाने, हुशारीने.

सरांना हे कळलं होतं. महिना गेला. एका रविवारी मी काकूंबरोबर मेथी निवडत बसले होते. नंदा मंगळवारचे उपास धरायला लागली होती आणि सोळा मंगळवारांचं काहीतरी वहीत लिहून घेत होती. तिची बोटं आता मांडीवर वाजत नव्हती. सर तिच्यापुढे जमिनीवर येऊन बसले. असे ते कधी बसत नसत.

ते सांगत राहिले. ग्रह दगडाचे असतात. ट्रकचा ब्रेक. मालकाचं नाव. यात तुझं काही नाही गो बाय. मग म्हणाले, "तुझ्या कपाळी जे आलं ते मी केलंय. माझ्या गर्वापायी. तुला विचारलं नाही. राग धर, बोलू नको माझ्याशी, पण हे तुझं नाही, माझं आहे."

मला वाटलं आता ती रडेल, किंवा वही फेकून मारील. बरं झालं असतं. नंदाने पेन्सिल खाली ठेवली. आवाज अगदी शांत, म्हाताऱ्याची समजूत घालावी तसा.

"तुमच्या वीस मिनिटांनी ग्रह थोडेच हलतात, बाबा? तुम्ही कागद बदललात. मंगळ होता तिथेच होता. तुम्ही काहीच केलं नाहीत."

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना आपापल्या चुका घ्यायला लावल्या, त्याने स्वतःची घ्यायला हात पुढे केले, तर लेक ती देईना. ग्रहांना वाहून टाकली होती तिने. काकू मेथीत डोकं घालून बसल्या होत्या. मी तरी काय केलं? मला माहीत होतं, ज्योतिष्याकडे मीच नेलं होतं, असं मी त्या दिवशी नंदाला सांगितलं. ती म्हणाली, तुझा काय संबंध गं. आणि पुन्हा लिहायला लागली.

सर शाळेत येत राहिले, पण नुसते पोर्शन शिकवायचे. एकदा महाडिक त्याच्या पोराच्या नोकरीबद्दल म्हणाला, नशीबच नाही सर त्याचं. आम्ही सगळे खडूकडे बघत राहिलो. सर फळ्यावर सनावळी लिहीत होते, ती लिहीतच राहिले. महाडिक ओशाळून खाली बसला. पुढच्या वर्षी त्यांनी शाळा सोडली.

माझं लग्न ठरलं तेव्हा पहिली निमंत्रणपत्रिका द्यायला मी त्यांच्याकडे गेले. नंदाने ती हातात घेतली नाही, टेबलावर ठेव म्हणाली. "मी नाही यायची गं. तुझ्या माणसावर माझी नजर नको." मी भांडले तिच्याशी. ती हसली, जुन्यासारखी, आणि म्हणाली, जा पॅकिंग, सुखी राहा.

त्यानंतर सर एकदाच दिसले. एकोणनव्वद साल असेल, मंगळवार सकाळ. नवऱ्याची बदली झाली होती, आम्ही मुंबई सोडणार होतो, मी घाटकोपरला बहिणीला भेटायला निघाले होते. गणपतीच्या देवळाबाहेर, फुलवाल्याच्या बाजूला सर उन्हात उभे. अर्धे झाले होते. दोन्ही हातांत एक-एक करून बायकी चपला धरलेल्या, अंगापासून लांब, जपून.

मी पाया पडले. आशीर्वादाला हात मोकळा नव्हता. मी विचारलं, आत नाही गेलात सर?

"चपला सांभाळतोय," ते म्हणाले. "मागच्या मंगळवारी चोरीला गेल्या. अनवाणी चालत आली उन्हातून." मग म्हणाले, "मला सोडून दुसऱ्या कुणाबरोबर ती येत नाही."

आणखी काही विचारण्याआधी नंदा बाहेर आली. पांढरट साडी, कपाळाला शेंदूर. माझ्याकडे पाहून मान हलवली, ओळखीची, पण पायरी उतरून जवळ आली नाही. मी गरोदर होते, ते तिला दिसलं असावं. तिने पानातला प्रसाद घेतला आणि सरांचे हात अडकलेले पाहून त्यांच्या तोंडापुढे धरला. सरांनी तोंड उघडलं. तिने भरवला, ओठाला लागलेला कण पदराने पुसला. सर डोळे मिटून चावत राहिले.

मग ते वाकले, सावकाश, आणि दोन्ही चपला तिच्या पायांपुढे सरळ लावून ठेवल्या. तिने पाय सरकवले.

"चला बाबा," ती म्हणाली. "अजून दोन देवळं राहिलीत."

सर निघाले. ती पुढे, ते दोन पावलं मागे.